नीट धर, वन्सं

वहिनीचे फिरायला जायचे बूट दारात नव्हते, म्हणून मी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. शाहपुऱ्याच्या तळ्याला चक्कर मारून ती आली की फाटकाची कडी वाजायची आणि कडी वाजली की मी गॅस पेटवायची, असा आमचा अनेक वर्षांचा क्रम. त्या दिवशी कडी वाजली नाही, फोन वाजला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या घराचं फाटकही दिसत नव्हतं. फोनवर दुबे भाभी होती, वहिनीची फिरायची मैत्रीण. म्हणाली, "दीदी, आप आ जाइए. हड़बड़ी मत करना, आराम से आना... लेकिन आ जाइए." ते 'आराम से' ऐकलं आणि मला कळलं. घाई करण्यासारखं काही उरलेलं नसतं, तेव्हाच माणसं सावकाश या म्हणतात.

तळ्याकाठच्या बाकावर ती बसल्या बसल्या गेली होती. मान जरा कललेली, अंगावर माझीच तपकिरी शाल. फेरी अर्ध्यावर आली तेव्हा "जरा बसते" म्हणाली आणि बसली, एवढंच. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. मला आदल्या संध्याकाळचं तिचं बोलणं आठवलं. मागच्या व्हरांड्यात वाकून ती म्हणाली होती, "वन्सं, या वेळी होळीच्या आत जंगल काढायचं हं. मागच्या खेपेला माझ्या गुडघ्यानं दगा दिला. आता त्याचं पोट फुटायला आलंय." आणि त्या बाकाशी, धुक्यात, तिचा थंड हात हातात घेऊन मी घाबरून स्वतःशी एवढंच म्हणत होते... आता जंगल कोण काढणार?

जंगल म्हणजे आमच्या मागच्या व्हरांड्यातली सिमेंटची एक लांबट थाळी आणि तिच्यात उभी असलेली पाकडाची अकरा झाडं. महाराष्ट्रात या झाडाला पिंपरी म्हणतात, आमच्या भोपाळमध्ये पाकड. रस्त्याच्या कडेला दोन-तीन मजली वाढणारं हे झाड. पण बॉन्सायमधलं सगळ्यांत उंच, मधलं, माझ्या कोपरापर्यंत येईल एवढंच. त्याच्या दोन्ही बाजूंना कमी होत जाणारी बाकीची. थाळी पंज्याइतकीही खोल नाही. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसून त्या झाडांच्या उंचीला डोळे आणले की बुंध्यांमधून खरोखरच एक वाट आत जाताना दिसायची. दिवेलागणीला त्या वाटेकडे पाहताना मला थोडी भीतीही वाटे. मी तसं म्हणाले की वहिनी हसायची. "भित्री भागूबाई! कोपराएवढ्या जंगलात वाघ येतोय तिला खायला."

वहिनी माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको. माहेर इंदूरचं, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी, सगळं मोठ्यानं आणि सगळं तोंडावर. आमचं घर त्याच्या अगदी उलट. वडील नागपूरहून बदलून सचिवालयात आलेले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात आम्ही हळू आवाजात वाढलो. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणजे आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' असं सांगण्याचाच पगार घेतला. लग्न होऊन आल्यावर वहिनीनं मला 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनंच, कारण नणंदेला तसं म्हणणारं तिच्या पिढीत कुणी उरलं नव्हतं. "वन्सं म्हटलं की सासरी आल्यासारखं वाटतं. नाहीतर तुमच्या घरात वाचनालयात आल्यासारखं वाटतं," असं तिनं माझ्या वडिलांसमोर सांगितलं होतं. वडील चक्क हसले होते. मी तिला बरीच वर्षं 'तुम्ही' म्हणत होते. दादा गेल्यावर या घरात आम्ही दोघीच राहिलो आणि केव्हातरी, कुणी काही न ठरवता, त्याचं 'तू' झालं.

झाडं तिनं विकत आणलेली नव्हती. दादा कारखान्यात इंजिनिअर होता, आणि आज जिथं अयोध्या नगर वाढत चाललं आहे त्या बाजूच्या क्वार्टरात ते दोघं तेव्हा राहत; आम्ही सगळे या घरात आलो ते नंतर. जुन्या क्वार्टरांच्या भिंतींच्या फटींत, पाण्याच्या टाकीखाली, गच्चीच्या कठड्यात पाकडाची रोपं आपोआप उगवतात. पक्षी बी टाकून जातात. दादा ती दिसली की उपटायचा. "ही मुळं एक दिवस घर पाडतील," तो म्हणायचा. वहिनीनं टाकलेली रोपं उचलली. "मग मी ती घरातच वाढवते. बघू या कोण कोणाला पाडतं." दादानं मग तिच्यासाठी फळ्यांचा साचा करून सिमेंटची ती थाळी ओतली, पाणी निघायला तळाशी भोकं ठेवली, आणि झाडं हलू नयेत म्हणून खालून तार आत घ्यायची सोयही केली. इंजिनिअरचं काम, इतकं दणकट की ती थाळी एकट्याला उचलत नाही. बहुतेक त्यामुळेच हे जंगल नेहमी दोघांचं राहिलं. एकानं धरायचं, एकानं कापायचं.

कापायचं का, हे मला पहिल्यांदा तिनंच समजावलं. एवढ्याशा थाळीत मुळं वाढत राहतात, जागा संपली की कडेकडेनं गोल फिरायला लागतात आणि शेवटी मातीच उरत नाही, नुसती मुळांची चटई होते. वरून घातलेलं पाणी मग आत जात नाही किंवा आत गेलं तर बाहेर येत नाही. म्हणून एक-दोन वर्षांनी सगळं जंगल थाळीतून बाहेर काढायचं, खालची आणि कडेची मुळं कापायची, नवी माती घालून पुन्हा बसवायचं. पाकडाची वेळ ठरलेली असते. थंडी सरत आली की हे झाड जुनी पानं टाकून देतं, थोडे दिवस अगदी उघडं राहतं आणि मग नवी तांबूस पानं फुटतात. त्या मधल्या उघड्या दिवसांतच हे काम उरकायचं. कोंब फुटल्यावर उशीर झालेला असतो. आणि होळीनंतर आमच्याकडे ऊन असं तापतं की कापलेल्या मुळांना पाणी ओढायची ताकदच राहत नाही.

दादा होता तोवर धरायचं काम त्याचं. मी दारात उभी राहून पाहायची. तो गेल्यानंतरच्या वर्षी वहिनीनं मला हाक मारली. "ये इकडे. पदर खोच. आता तू धरायचं." आदल्या दिवशी पाणी बंद ठेवलेलं होतं. तिनं खालची तार कापली, जुनी सुरी थाळीच्या कडेनं फिरवली आणि आम्ही दोघींनी मिळून हळूहळू उचललं... तव्यावरून भाकरी सुटावी तसं सगळं जंगल एका तुकड्यात सुटून आलं. अकरा झाडं, पण खाली मूळ एकच झालेलं. कुणाचं कुठलं ते सांगता येऊ नये असं एकमेकांत शिरलेलं. ओल्या गोणपाटावर ते कलतं उभं धरायचं, म्हणजे खालची बाजू तिला दिसेल. मी दोन्ही हातांनी धरलं. बुंधे माझ्या गालाला लागत होते, मातीचा वास नाकात जात होता, आणि माझे हात थरथरत होते. "नीट धर, वन्सं. हलू नकोस. फालतूमध्ये जीव जाईल त्यांचा," ती ओरडली.

स्वेटर विणायच्या सुईनं तिनं मुळं मोकळी केली, केसांतला गुंता सोडवावा तशी. मग कात्री घेतली. कात्री जुनी, मुठीला चिंधी गुंडाळलेली. आणि तेव्हा मला जे दिसलं ते इतकी वर्षं दारातून दिसलं नव्हतं. वहिनीच्या वरच्या ओठावर घाम होता. रिक्षावाल्याशी, दूधवाल्याशी, प्रसंगी दादाच्या साहेबाशीही भांडणारी ही बाई त्या मुळांपुढे गप्प बसली होती. कात्री उघडायची, थांबायची, पुन्हा मिटायची. मी विचारलं, "तुम्हाला भीती वाटते?" तेव्हा ती 'तुम्ही'च होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग? दर वेळी वाटते. ह्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही." मग तिनं पहिला काप घेतला. बारीक आवाज झाला आणि मी डोळे मिटले. "डोळे उघड. धरणाऱ्यानं डोळे मिटायचे नाहीत," ती म्हणाली. "भीती वाटली तर वाटू दे. न भिता कापणाऱ्याच्या हातात तर कात्री देऊच नये."

त्यानंतर दर वेळी मीच धरत आले. कात्री मात्र कधी हातात घेतली नाही. तिनं दोन-तीनदा पुढे केली होती. "घे की. मी मेल्यावर काय करशील?" मी मान हलवायची. ती म्हणायची, "जाऊ दे, निपटवते मीच."

वहिनी गेली तेव्हा जंगल पानं टाकायला लागलं होतं. तो त्याचा नेहमीचा काळ. ती असती तर म्हणाली असती, "कपडे बदलतंय." पण घरात आलेल्यांना ते कुठून कळणार? सुतकाच्या घरी भेटायला येणाऱ्यांना आपल्या हातांचं काय करावं ते सुचत नाही. चहा घ्यायचा नसतो, काही खायचं नसतं, रडून झालेलं असतं. मग माणसं उठून घरात फिरतात. आमच्याकडे ती माणसं मागच्या व्हरांड्यात जायची आणि तिथं ती पिवळी पानं आणि उघड्या फांद्या पाहून त्यांचे डोळे भरून यायचे. "बिचारी, तिच्याविना सुकली बघा." "इनको तो उन्हीं के हाथ की आदत थी." आणि जो तो नळाखाली प्लास्टिकचा मग भरून झाडांना पाणी घालायचा. सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. दुबे भाभी रोज यायची, ती रोज घालायची. वहिनीची मोठी बहीण इंदूरहून आली होती, तिला आम्ही माई म्हणतो. माई आंघोळ झाल्यावर ओलेत्यानं तांब्याभर पाणी घालायची, डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत. ऐन थंडीचे दिवस, झाडावर पान नाही, म्हणजे ते पाणी ओढणारं कुणी नाही. आणि खाली मुळांची चटई, म्हणजे पाण्याला बाहेर जायला वाट नाही.

मला ते दिसत होतं. पण गेलेल्याच्या नावानं पाणी घालणाऱ्या माणसाचा हात कसा धरायचा? एकदा धीर करून मी म्हणाले, "माई, त्याला आता पाणी नको असतं. उलट सुटं करून मुळं कापायला हवी आहेत." माईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. "सुतकात आपण नखाला कात्री लावत नाही, आणि तू तिच्या झाडांच्या मुळाला लावणार? अगं, मुकं आहे म्हणून काय तहान नसते त्याला?" मी गप्प बसले. मी गप्प बसणारीच. पण त्या दिवसापासून झोपेतून जाग आली की पहिला विचार वहिनी गेल्याचा यायचा नाही. त्या थाळीत साचलेल्या पाण्याचा यायचा. वरची माती काळपट हिरवी झाली होती. वाकून वास घेतला की शिळ्या पेजेसारखा आंबूस वास यायचा. एखादं दार बंद खोलीतून वाजावं आणि आपल्याला उघडता येऊ नये, तसं वाटायचं.

तेरावं झालं, माणसं पांगली. वहिनीची मुलगी मीनल काही दिवस थांबली. ती बेंगळुरूला असते. तिनं जंगलाकडे पाहिलं आणि सरळ म्हणाली, "आत्या, मेलंय गं ते."

"पानं टाकतं ते या दिवसांत," मी म्हणाले.

"मग नखानं खरवडून बघ ना. आई बघायची."

ही खूण मलाही माहीत होती. सालीवर नख किंचित ओढायचं. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. कुणालाही करता येईल अशी गोष्ट. मी त्या मधल्या झाडाशी जाऊन उभी राहिले, बोट सालीवर ठेवलं आणि काढून घेतलं. खरवडलं नाही तोवर दोन्ही शक्य होतं. मीनल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू दे. हे कुणाला तरी देऊन टाक आणि तू चल माझ्याकडे. इथे एकटी राहशील कशी? तुला तर झुरळाचीही भीती वाटते." तिचं खोटं नव्हतं. मी म्हणाले, होळी होऊ दे, मग बघू. ती गेली. घर इतकं शांत झालं की नळ ठिबकला तरी मी दचकायची. आणि व्हरांड्यात जायचं मी टाळू लागले... आपल्या घरात, आपल्याच व्हरांड्यात.

होळी जवळ येऊ लागली. दुपारी ऊन चटका देऊ लागलं. बाहेर रस्त्यावरच्या मोठ्या पाकडाला, जिथं भाजीची हातगाडी उभी राहते तिथं, तांबूस कोंब दिसायला लागले. मोठं झाड जागं झालं होतं. आमचं तसंच होतं. त्या दिवशी दुबे भाभी आली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली. मी तिच्या वाटेत उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, "भाभी, आज पानी नहीं. आज आप पकड़िए, मैं काटूँगी."

"मैं?" ती घाबरली. "मेरे तो हाथ काँपते हैं, दीदी."

"काँपने दीजिए," मी म्हणाले.

गोणपाट भिजवून अंथरलं. इस्त्रीसाठी पाणी मारायची बाटली भरून ठेवली, कारण उघड्या पडलेल्या मुळांना वारा लागू द्यायचा नसतो. विटांचे बारीक खडे, जाड रेती आणि चाळलेलं खत वहिनीनंच आधी मिसळून डब्यात भरून ठेवलं होतं. तिच्या पत्र्याच्या पेटीतून कात्री काढली. मुठीच्या चिंधीला तिच्या हाताचा आकार होता. माझी बोटं त्यात नीट बसत नव्हती. सुरी कडेनं फिरवली, दोघींनी उचललं. या वेळी भाकरीसारखं सुटलं नाही. चिखलासारखं ओढत आलं आणि तो वास एकदम तोंडावर आला. दुबे भाभीनं नाक पदरानं झाकायला एक हात सोडला आणि जंगल झुकलं. "ठीक से पकड़िए, भाभी! हिलाइए मत!" मी ओरडले. ओरडून झाल्यावर मीच थांबले. भाभीही थांबली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि भाभीनं सोडलेला हात पुन्हा लावला.

मुळं पाहिली. एका बाजूची पांढुरकी, टणक होती. मधली काळी पडलेली; सुईनं नुसतं हलवलं तरी साल मोज्यासारखी सुटून येत होती आणि आत दोऱ्याएवढा गाभा राहत होता. कात्री उघडली, मिटली. पुन्हा उघडली. माझ्या वरच्या ओठावर घाम आला होता, तो जिभेला खारट लागला. किती कापायचं? काळं ठेवलं तर ते पसरणार, जास्त कापलं तर काय उरणार... मी डोळे मिटले, आणि मग उघडले. पहिला काप घेतला. तो बारीक आवाज झाला. मग दुसरा. काळं दिसेल तिथून मागे, पांढरं लागेपर्यंत. मधल्या झाडाखाली पांढरं लागेचना. दुबे भाभी हळूच म्हणाली, "दीदी, ये... पानी से हुआ क्या?" तिच्या हातावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं, पण हात आता हलत नव्हते. मी म्हणाले, "मिट्टी बहुत दिनों से बदली नहीं थी." तेही खरंच होतं.

मधलं झाड उपटून काढावं का, असं एकदा मनात आलं. पण फार पूर्वी कडेचं एक झाड वठलं होतं तेव्हा वहिनीनं मला अडवलं होतं. "नाही हं. मेलेलं असलं तरी ओढायचं नाही. बाकीच्यांची मुळं त्याला धरून असतात. ओढलंस तर त्यांचीही तुटतील." ते झाड तिनं जागच्या जागी बुंध्याशी छाटलं आणि पुढल्या काढणीला रिकाम्या झालेल्या जागेत नवं रोप बसवलं. म्हणून मधलं तसंच ठेवलं. भोकांवर जाळी घातली, तार ओवली, नवी माती सुईनं मुळांच्या पोकळ्यांत भरली. थाळी टबात ठेवून खालून पाणी चढू दिलं, वरची माती काळी होईपर्यंत, आणि मग दोघींनी ती स्वयंपाकघरामागच्या बोळात, सावलीत, वारा लागणार नाही अशा जागी नेऊन ठेवली. हात धुताना भाभी म्हणाली, "अब?" मला काय माहीत? वहिनीही त्या रात्री कधी नीट जेवत नसे. आता काहीच करायचं नव्हतं. हेच सगळ्यांत अवघड.

वर्षाच्या आत ज्या घरी कुणी गेलेलं असेल तिथं होळीला आधी गुलाल घेऊन जायचं, अशी इकडची रीत आहे. कपाळाला बोटभर गुलाल लावायचा, म्हणजे त्या घराचं दुःख थोडं मोकळं होतं. त्याप्रमाणे सगळे आले. पुढच्या खोलीत मी बसले होते, एकेक जण गुलाल लावत होता. सक्सेना साहेब, आमचे शेजारी, हात धुवायला म्हणून मागे गेले, आणि बोळातून त्यांचा आवाज आला, "अरे, ये तो बिल्कुल सूख गए बेचारे!" पाठोपाठ नळ सोडल्याचा आणि पाण्याचा मग भरल्याचा आवाज.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. "पाणी घालायचं नाही!" मी ओरडले, आणि मराठीत ओरडले. "कुणी हात लावायचा नाही त्याला!" दुबे भाभी माझ्याही आधी बोळात पोहोचली होती आणि थाळीसमोर दोन्ही हात पसरून उभी होती. "मना किया है. दीदी ने मना किया है." सक्सेना साहेबांच्या हातातला मग तसाच राहिला. चेहरा उतरलेला, कपाळावर गुलाल. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "माफ करना, दीदी... एक सेकंड तो मुझे लगा, भाभीजी आ गईं." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले आणि मला पहिल्यांदा, लोकांच्या देखत, मोकळं रडू आलं.

त्यालाही आता काही आठवडे झाले. मधलं मोठं झाड गेलं. ते मी एके सकाळी नखानं खरवडून पाहिलं. आत तपकिरी होतं. ते छाटायला हवं. अजून कात्री घेतलेली नाही, पण घेईन. बाकीच्यांच्या फांद्यांच्या टोकांना काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे तांबूस कोंब आहेत. किती झाडांवर आहेत ते मोजलेलं नाही. मोजायची छाती होत नाही. ऊन वाढतंय, मुळं कोवळी आहेत, अजून काहीही होऊ शकतं. मीनलचा फोन येतो, तिला मी "बघू" म्हणते.

वहिनीची एक सवय होती. सकाळी फिरायला निघायच्या आधी ती जंगलाच्या मातीत बोट घालून ओल बघायची आणि ते मातकट बोट माझ्या तपकिरी शालीच्या काठाला पुसायची. शाल माझी, पांघरणार ती, पुसणार ती. मी रोज रागवायची. "वहिनी, अगं, फडकं आहे ना तिथं!" ती म्हणायची, "फडकं घ्यायला कोण जाणार? वन्सं, ओल आहे बघ, आज पाणी नको." त्या बाकावरून ती शाल मी घरी आणली ती अजून धुतलेली नाही. काठाला तिच्या बोटाचे डाग आहेत, एकाशेजारी एक, काही जुने, काही गडद.

आता उठले की मी बोळात जाते. भीत भीतच जाते. शाल अंगाभोवती घेते, खाली वाकते, मातीत बोट घालते आणि थांबते. ओल आहे. आज पाणी नको. मग तिच्या शेवटच्या डागाशेजारी ते बोट पुसते आणि आत येऊन चहाचं आधण ठेवते.